हवंसं वाटणं

पद्मनाभमास्तरांचा रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा. शाळेतून आले की सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच ते दारातून हाक मारायचे, "जया, उद्या डबा दोघांचा! कुंदगोळच्या वाटेवर एका खेड्यात दगड आहे म्हणे." मग पुढच्या खोलीत पसारा पडायचा. पाण्याची बादली, कडक केसांचा ब्रश, जाड कागदाची गुंडाळी, काजळीच्या शाईचा डबा, चिंध्यांची गच्च बांधलेली पुरचुंडी. मास्तर हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. पण त्यांचा खरा जीव होता तो आसपासच्या खेड्यांतल्या, लढाईत पडलेल्यांच्या वीरगळांत आणि शिलालेखांत. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून हलक्या हातानं शाई फिरवायची. कागद काळा होतो आणि अक्षरं पांढरी उमटतात. अशा ठशांचा एक ढीग त्यांच्या कपाटावर होता.

त्यांची बायको जयलक्ष्मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आठवडाभर कानाला हेडफोन लावून बेळगाव, गदग, पुणे जोडून द्यायचं आणि रविवारी पाय पसरून निजायचं, असा तिचा बेत असायचा. तो कधी साधला नाही. "अहो, माणसांचे रविवार असे असतात का?" असं म्हणत ती भाकरी थापायची आणि सकाळी सातच्या बसला सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायची. आठ वर्षांची लेक लीला शेजारच्या जनाबाईंकडे राहायची. मास्तर सायकलनं पुढं जायचे, जयलक्ष्मी बसनं मागून. ती उतरायची तिथं वाटेकडे डोळे लावून ते उभे असायचे, आणि बस थांबायच्या आतच बोलायला सुरुवात करायचे.

तो कुंदगोळच्या वाटेवरचा दगड १९७४च्या जानेवारीत सापडला. गावाबाहेर, बाभळीखाली, अर्धा मातीत. लक्कव्वा नावाची एक म्हातारी त्यावर मिरच्या वाळवत बसली होती. तिनं आधी कुरकुर केली, मग मिरच्या गोळा करून स्वतःच घागरभर पाणी आणून दिलं. खालच्या कप्प्यात गाई पळवणाऱ्यांशी लढणारा गडी, मधल्यात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात महादेवाची पिंड, आणि पट्ट्यांवर कोरलेल्या अकरा ओळी. अक्षरं फार झिजलेली. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी दगडाला नाक लावून साडेचार ओळी वाचल्या. गडी गाई सोडवताना पडला इथवर कळलं.

"हा दगड उभा कोणी केला ते पुढं असणार," ते म्हणाले. "बायकोनं, नाहीतर आईनं. नाव असेल बघ तिचं. सातशे वर्षांत कोणी वाचलं नसेल."

"वाचून काय होणार आता?" जयलक्ष्मीनं विचारलं.

"काय होणार म्हणजे? ते कुणीतरी वाचावं असं तिला वाटलं होतं ना?"

कागद संपला होता. पुढच्या खेपेला ठसा घ्यायचा ठरला.

त्याआधीच, मार्चमध्ये, वर्गात शिकवता शिकवता मास्तरांच्या नाकातून रक्त आलं. देशपांडे नगरातल्या डॉक्टर विठ्ठलरावांनी दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला आणि गंभीर झाले. रक्तदाब फार चढला होता. विठ्ठलराव जुने, मायाळू डॉक्टर. त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि एक छोटी पांढरी गोळी सुरू केली. त्या काळी या आजारावर बहुतेक डॉक्टर तीच देत. मास्तर विसराळू म्हणून रोज सकाळी चहाबरोबर ती गोळी त्यांच्या हातावर ठेवायचं काम जयलक्ष्मीनं अंगावर घेतलं. एकही दिवस तिनं चुकवला नाही.

रक्तदाब उतरला. पण पावसाळा आला तोवर मास्तरांचं नाक कायमचं चोंदलं. आवाज जरा गेंगाणा झाला. "धूळ बाधतेय," ते म्हणाले. एका शनिवारी ते शाळेतून आले, सायकल टेकवली आणि खुर्चीत बसले. हाक आलीच नाही. जयलक्ष्मी कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"उद्या कुठं?"

"उद्या? उद्या नको. बघू."

ते 'बघू' आठ वर्षं चाललं.

त्यांना काही दुखत नव्हतं. ताप नव्हता, भांडण नव्हतं. शाळेत जायचे, यायचे. पूर्वी वर्गात लढाया उभ्या करणारे मास्तर आता पुस्तक उघडून वाचून दाखवायचे आणि घंटा झाली की मिटायचे. परीक्षेचे पेपर तपासायला बसले की एकच उत्तर तीन तीनदा वाचायचे. पहिली ओळ वाचून दुसरीवर आलो की पहिली निसटते, म्हणायचे. डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं, म्हणायचे. बाकी वेळ खुर्ची. समोर वर्तमानपत्र असायचं, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. जेवायला बोलावलं की जेवायचे, नाही बोलावलं तर मागायचे नाहीत. लीला प्रगतिपुस्तक घेऊन आली की सही करायचे. पहिला नंबर असो की सातवा, "छान" म्हणायचे.

लोकांनी आपापल्या परीनं नावं ठेवली. कोणी आळस म्हणालं, कोणी चाळिशी. जयलक्ष्मीचा थोरला भाऊ जयतीर्थ धारवाडहून आला आणि भाऊजींना तास-दीड तास उपदेश करून गेला. मन खंबीर पाहिजे, पहाटे उठून फिरायला जायला पाहिजे, वगैरे. मास्तरांनी सगळं ऐकलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. आणि तिथंच बसून राहिले. विठ्ठलरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "रक्तदाब असलेल्यानं शांतच राहावं. बरंच आहे की." पुढं रक्तदाब पुन्हा जरा वाढला तेव्हा त्यांनी एका गोळीच्या दोन केल्या. जयलक्ष्मी दोन ठेवू लागली.

एक्स्चेंजमध्ये बसल्यावर तिला दिवसभर लोकांचे आवाज ऐकू यायचे. "ऐकू येतंय का? कधी येणार?" परगावच्या नवऱ्यांशी, मुलांशी ओरडून बोलणारी माणसं. तिच्या बाजूला बसणारी कुसुमावती एकदा म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. नवरा रोज डोळ्यांसमोर." जयलक्ष्मीनं पुढचा फोन जोडून दिला. समोर बसलेल्या माणसाची आठवण येते, हे कुणाला कसं सांगायचं? ती भाजी चिरत असायची, ते चार हातांवर बसलेले असायचे, आणि तिला त्यांची इतकी आठवण यायची की विळीवरचा हात थांबायचा. बस थांबायच्या आत बोलायला सुरुवात करणारा तो माणूस मेला असता तर रडून तरी घेतलं असतं. गावाला गेला असता तर वाट पाहिली असती. हा ना गेला होता, ना होता.

१९७८च्या फेब्रुवारीत तिनं एक गोष्ट केली, जी तिनं कुणालाही सांगितली नव्हती. रविवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाली आणि कुंदगोळच्या बसमध्ये बसली. पिशवीत ब्रश, कागद, शाई. दगड तिथंच होता. लक्कव्वा आणखी वाकली होती, पण तिनं ओळखलं.

"मास्तर यल्लि?" तिनं विचारलं. मास्तर कुठं?

"घरी आहेत. बरं नाही," जयलक्ष्मी कानडीतच म्हणाली.

म्हातारीनं पाणी आणून दिलं. इतक्या वेळा पाहिलं होतं, तरी हाताला ते काम येत नव्हतं. पहिला कागद फाटला. दुसऱ्यावर शाई जास्त झाली आणि अक्षरं बुजली. तिसरा कागद तिनं जीव ओतून ठोकला. ऊन डोक्यावर आलं, बोटांची सालं निघाली. शेवटी कागद सोलून काढला तेव्हा अकराच्या अकरा ओळी त्यावर होत्या. खालच्या जरा पुसट, पण होत्या. ती बसमध्ये ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसली होती, आणि हुबळी येईपर्यंत तिनं मनातल्या मनात दहादा ते दृश्य पाहिलं: मास्तर कागद खिडकीशी नेतायत, चष्मा कपाळावर सारतायत, "जया, अगं हे बघ!" म्हणून ओरडतायत.

घरी मास्तर खुर्चीत होते. तिनं कागद त्यांच्यापुढं उलगडला.

"त्या दगडाचा ठसा. मी घेतला. एकटीनं."

मास्तरांनी पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरा आलाय," म्हणाले.

"वाचता ना?"

"वाचतो. ठेव."

चार दिवस तो कागद खाटेवर होता. त्यावर टॉवेल पडला, मग वर्तमानपत्र. पाचव्या सकाळी जयलक्ष्मी अंघोळीचं पाणी तापवत होती. ती बाहेर आली, तो कागद उचलला, चुरगाळला आणि बंबात घातला. मास्तर बघत होते. त्यांनी रागवावं, एवढंच तिला हवं होतं. ती चहा घेऊन आली आणि त्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

त्यानंतर तिनं त्यांची वाट पाहणं सोडलं. म्हणजे सोडलं असं स्वतःला बजावलं. बढती मिळाली ती घेतली. लीलाचे अभ्यास, शाळा, पुढं कॉलेजचे फॉर्म, सगळं एकटीनं केलं. लीलाला आता वडील असेच ठाऊक होते; आधीचे पुसट होत गेले होते. तिच्या मैत्रिणींच्या घरी मारुतीची तसबीर असायची तसे तिच्या घरी अण्णा होते.

१९८२ साली विठ्ठलराव थकले आणि त्यांच्या दवाखान्यात त्यांचा पुतण्या प्रभंजन बसू लागला. नुकताच एम.डी. झालेला, बारीक अंगाचा, प्रश्न फार विचारणारा. जयलक्ष्मी मास्तरांना नेहमीच्या तपासणीला घेऊन गेली. प्रभंजननं दंडाला पट्टा बांधला, आणि मध्येच थांबून विचारलं, "काका, सर्दी झालीय का?"

"नाही. नाक असंच असतं."

"कधीपासून?"

मास्तर विचार करू लागले. उत्तर जयलक्ष्मीनंच दिलं, "आठ वर्षं झाली. धूळ सोसत नाही त्यांना."

"आणि ही गोळी कधीपासून घेताय?"

ती बोलायला गेली आणि थबकली. "तीही... आठ वर्षं."

प्रभंजननं पेन खाली ठेवलं. मग त्यानं एकामागून एक विचारलं. झोप कशी? स्वप्नं वाईट पडतात का? कामात लक्ष लागतं? पूर्वी कशाची आवड होती? शेवटच्या प्रश्नाला मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. जयलक्ष्मीनं सांगायला सुरुवात केली. दगड, सायकल, शनिवारची हाक.

"काकू," तो हळू म्हणाला, "ही गोळी सर्पगंधेच्या मुळीतल्या द्रव्याची आहे. रक्तदाब उतरवते, त्यात शंका नाही. माझ्या काकांनी शेकडो माणसं हिच्यावर सांभाळली आणि बहुतेकांना काही झालं नाही. पण काहींना ती निराळीच लागते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते काही रसांमार्फत. त्यातला एक डोपामिन. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्यासाठी उठावंसं वाटणं, चार गोष्टींतली एक धरून मन तिथं टिकणं, या सगळ्यात त्याचा मोठा हात असतो. पेशींमध्ये बारीक कुप्या असतात, त्यात तो साठतो. ही गोळी त्या कुप्या भरू देत नाही. त्याच्यासारखे आणखी एकदोन रस असतात, तेही आटतात. निरोप द्यायला हाताशी काही उरतच नाही."

"म्हणजे हे आळशी झाले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मन कमकुवत नव्हतं."

"नाही हो काकू. खात्री मी देत नाही, पण गोळी बदलून पाहू. वेळ लागेल. लगेच काही दिसलं नाही तरी धीर सोडू नका."

घरी येताना रिक्षात तिच्या मनात एकच प्रश्न होता. रोज सकाळी, आठ वर्षं, न चुकता ती गोळी त्यांच्या हातावर कोणी ठेवली होती? तिनं उजवा हात पदराखाली घेतला तो घर येईपर्यंत बाहेर काढला नाही.

दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात नाक मोकळं झालं. पाचव्या आठवड्यात एका दुपारी ते जेवताना थांबले आणि म्हणाले, "भात मऊ झालाय गं. आणि आमटीला काही चव नाही."

जयलक्ष्मी वाढता वाढता जागच्या जागी बसली. आठ वर्षांत त्यांनी जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. "पुन्हा बोला," ती म्हणाली.

"अगं, मीठ नाही आमटीला."

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय," ती म्हणाली, आणि हसू की रडू हे न कळून पदर तोंडात धरला.

मग ते येत राहिले. एकदम नाही, थोडे थोडे. एक दिवस पेपर उलटल्याचा आवाज आला. एक दिवस त्यांनी सातवीच्या पोरांपुढं पुस्तक मिटून लढाई सांगितली. दिवाळीला धारवाडच्या वसतिगृहातून लीला आली तेव्हा ते तिच्यापुढं बसले आणि तिला एकामागून एक विचारत सुटले. कोणता विषय आवडतो? का आवडतो? मैत्रिणी कोण? लहानपणी सायकल कोणी शिकवली? लीला बावरून आईकडे पाहू लागली. स्वयंपाकघरात येऊन तिनं विचारलं, "आई, अण्णा पूर्वी असे होते?"

"असेच होते."

"मला फार थोडं आठवतं," लीला म्हणाली. तिचा चेहरा दुखावल्यासारखा झाला होता. "मग हे मला का नाही मिळाले?"

त्या संध्याकाळी मास्तरांनी कपाटावरचे ठसे खाली काढले. एकेक उलगडत गेले आणि मान वर न करता म्हणाले, "जया, तू एक आणला होतास. बाभळीखालच्या दगडाचा."

तिला वाटलं होतं ते त्यांना आठवणार नाही. "बंबात घातला मी," ती म्हणाली.

"हो. पाहिलं होतं मी." त्यांनी हातातला ठसा गुंडाळून ठेवला. "दुसरा घेऊ. परवाच जाऊ."

दोघं बसनंच गेली. बाभूळ होती. दगड नव्हता. जिथं तो होता तिथून शंभर पावलांवर मारुतीच्या देवळाचा नवा सिमेंटचा कट्टा झाला होता. लक्कव्वाला आता नीट दिसत नव्हतं. तिनं काठीनं कट्ट्याच्या मधोमध टकटक केलं. चांगला रुंद दगड म्हणून गावकऱ्यांनी उचलून तिथं बसवला होता. सपाट पाठ वर, कोरलेलं अंग खाली.

"बिडरी, मास्तर," म्हातारी म्हणाली. जाऊ दे आता.

मास्तर कट्ट्यावर उकिडवे बसले. त्यांनी तळवा त्या दगडाच्या पाठीवर टेकला, आणि मग त्यांना रडू आलं. मोठ्यानं, पोरासारखं. चार गावकरी जमले. लग्न झाल्यापासून जयलक्ष्मीनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या गड्यासाठी दगड उभा करणारीचं नाव आता कोणी वाचणार नव्हतं. पण ते तेवढ्यासाठी रडत नव्हते, हे तिला कळत होतं. ती त्यांच्याशेजारी बसली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी प्रथमच त्या वर्षांबद्दल सांगितलं. "तू तो कागद आणलास ना, तेव्हा मला सगळं समजत होतं. तू एकटी गेलीस, ऊन होतं, बोटं सोलली होती तुझी. मी पाहिली होती ती बोटं. आता उठावं, हिचे हात हातात घ्यावेत, हे कळत होतं गं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. तू खीर करायचीस ती गोड लागायची. पण संपली की आणखी हवी असं वाटायचं नाही. तसंच सगळं. दुःखही होत नव्हतं धड. तुझी आठवण यावी, एवढंही होत नव्हतं मला."

"मला यायची," जयलक्ष्मी म्हणाली. "तुमची."

"आता मला येते. सगळ्याचीच. लीला नऊ वर्षांची असेल, दहा, अकरा. मी तिथंच होतो आणि मी ते पाहिलं नाही."

खिडकीबाहेर कापसाची काळी रानं मागं पळत होती. तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

पुढं मास्तरांनी पुष्कळ दगड वाचले. निवृत्तीच्या आधी त्यांचे दोन लेख छापून आले. जुन्या दवाखान्याला त्यांनी कधी दोष दिला नाही. विठ्ठलराव गेले तेव्हा खांदा द्यायला ते पुढं होते. लीला शिकून पुण्याला नोकरीला गेली आणि वडिलांना लांब लांब पत्रं लिहू लागली. आईला लिहायची त्याहून लांब.

पण जयलक्ष्मीचं काहीतरी मागं राहिलं ते राहिलंच. शनिवारी हाक आली की तिच्या छातीत अजून लक्कन व्हायचं. पण सकाळी सातच्या बसला सगळ्यांच्या आधी जाऊन उभं राहावं, असं तिला आता वाटायचं नाही. गुडघे दुखायचे, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. आठ वर्षं एकटीनं ओढताना तिचं मन सावध झालं होतं. मास्तर हसत असले तरी ती मधूनच त्यांचा श्वास ऐकायची, नाक मोकळं आहे ना म्हणून. तिला आता मास्तरांची आठवण यायची नाही. आठवण यायची ती भाकऱ्या थापता थापता कुरकुर करणाऱ्या, तेहतीस वर्षांच्या त्या बाईची.

१९८६च्या एका रविवारी मास्तर सायकल काढून उभे होते. रायापूरच्या पुढं एका शेतात दगड निघाला होता.

"येतेस?"

"तुम्ही या जाऊन. मला आज नको वाटतं."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. 'नको वाटतं' म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी उपदेश केला नाही, आग्रह केला नाही. सायकल परत आत घेतली, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिच्यापुढचं शेंगांचं सूप ओढून शेंगा फोडायला लागले.

"अहो, दगड?"

"असू दे. तुला कधी वाटलं तर सांग. मी आहे."

दोघं दुपारपर्यंत शेंगा फोडत बसली.